मुलगा फेब्रुवारीत अठराचा होतोय. दाखला, पालकत्व, पेन्शन... आधी कशाची तयारी?

म्हादईकाठ, 9 सप्टेंबर, रात्री 10.52

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली. एरवी इथे पाककृतींच्या धाग्यांवर डोकावते, आज वेगळ्या कामासाठी आले आहे.

आमचा धाकटा, घरात त्याला बाबलो म्हणतात, येत्या फेब्रुवारीत अठरा पूर्ण करील. त्याला बौद्धिक अक्षमता आहे. दहाव्या वर्षी वैद्यकीय बोर्डापुढे नेला तेव्हा दाखल्यावर 50 टक्के लिहून मिळाले. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे, म्हणजे सरकारी पेन्शनचे, पैसे महिन्याला खात्यात येतात. खातं त्याच्या नावाचं, अज्ञान मुलाची पालक म्हणून माझी सही. त्या पैशांतून थेरपीला नेण्या-आणण्याचं भाडं सुटतं. तेवढंच, पण तेवढं नसतं तर थेरपी कधीच बंद पडली असती.

आता ज्याला विचारावं तो नवीनच काहीतरी सांगतो. बँकेतला म्हणतो अठरा झाले की खातं बदला. शाळेतल्या बाई म्हणतात दाखला पुन्हा करावा लागेल. नणंद म्हणते कोर्टातून पालक म्हणून ऑर्डर आण, नाहीतर तुझी सही कुठे चालायची नाही. नऊ महिने पोटात वाढवला आणि माझी सही चालणार नाही?

नवरा आठवड्याचे सहा दिवस वेर्ण्याला कारखान्यात, कागदांचं सगळं माझ्याकडे. कुठून सुरुवात करू ते कोणीतरी सांगा. जुन्या दाखल्याचा फोटो खाली लावते.

प्रशासक, 9 सप्टेंबर, रात्री 11.05

ताई, दाखल्याचा फोटो काढून टाकला आहे. त्यावर मुलाचं पूर्ण नाव, पत्ता आणि नंबर होता. प्रश्न मात्र जरूर विचारा.

पेडण्याची काकी, 9 सप्टेंबर, रात्री 11.20

अगो बाय, मी जागीच आहे. माझी लेक आता 23 ची, सेरेब्रल पाल्सी आणि त्याबरोबर बौद्धिक अक्षमताही. तू आज जिथे उभी आहेस तिथे मी पाच वर्षांपूर्वी होते आणि माझी तयारी शून्य होती.

अठराव्या वाढदिवसाला आम्ही केक कापला, शेजारीपाजारी बोलावले. पुढच्या महिन्यात पैसे काढायला गेले तर खातं बंद. अज्ञानाचं खातं मूल सज्ञान झालं की तसंच पुढे चालत नाही, नव्याने केवायसी आणि खातेदाराची स्वतःची सही लागते. माझी लेक पेन धरते, पण रेघ ओढते. काउंटरवरचा माणूस म्हणे, मग कोर्टाची ऑर्डर आणा. योजनेचे पैसे खात्यात पडत होते, पासबुकात छापून येत होते, हातात येत नव्हते. सात महिने. बँकेचं नाव लिहीत नाही, पुढे तिथल्याच दुसऱ्या बाईने काम करून दिलं.

म्हणून सांगते, फेब्रुवारीची वाट बघू नकोस. आत्ताच हाल.

मास्तर फोंडेकर, 10 सप्टेंबर, सकाळी 7.15

मी अशा मुलांच्या शाळेत 26 वर्षं शिकवलं, आता निवृत्त आहे. सकाळचा चहा आणि पोई पुढ्यात आहे, तेव्हा सविस्तर लिहितो.

तुमच्या नणंदेचं अर्धं बरोबर आहे. मूल अठरा पूर्ण झालं की कायद्याने ते सज्ञान, मग त्याला स्वतःच्या व्यवहाराचं कळो न कळो. आई-वडील त्या दिवसापासून आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. पण त्यासाठी कोर्ट चढावं लागत नाही. 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा, ज्याला सगळे नॅशनल ट्रस्ट म्हणतात, तो चार प्रकारच्या लोकांसाठी आहे: स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता. बाबलो त्यात बसतो. या कायद्याखाली जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते. तिच्यात जिल्हाधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. सत्तरी उत्तर गोव्यात, म्हणजे तुमचा अर्ज पणजीला. पालक म्हणून आई, वडील, नातेवाईक अर्ज करू शकतात.

काकींच्या बँकेबद्दल: या समितीने दिलेलं पालकत्वाचं प्रमाणपत्र खातं उघडायला आणि चालवायला मानावं, असं रिझर्व्ह बँकेने 2007 सालीच बँकांना कळवलेलं आहे. त्या परिपत्रकाची प्रत पिशवीत ठेवा. कोर्टाचं नाव काढलं की आवाज न चढवता पुढे सरकवा.

आता क्रम. सगळे खात्यापासून सुरू करतात आणि तिथेच अडकतात, कारण प्रत्येक टेबलावर आधीच्या टेबलाचा कागद मागतात. माझ्या मते पहिलं आधार. मुलांचे ठसे आणि डोळे पाचव्या वर्षी आणि पंधराव्या वर्षी पुन्हा द्यावेच लागतात. पंधराव्या वर्षीचं तुम्ही केलंय का? दहांतल्या आठ घरी राहिलेलं असतं. ते झालं की सगळ्या कागदांवरचं नाव जुळवणं. मग दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), मग पालकत्व, मग खातं. पेन्शन आपोआप मागून येते.

दाखल्याबद्दल शाळेतल्या बाई बरोबर सांगतात. बौद्धिक अक्षमतेत लहानपणीचा दाखला तात्पुरता असतो. अठराव्या वर्षी जो मिळतो तो कायमचा. म्हणजे फेब्रुवारीनंतरची तपासणी ही त्याच्या उरलेल्या आयुष्याची तपासणी आहे. तिथे धावतपळत जाऊ नका.

म्हादईकाठ, 10 सप्टेंबर, दुपारी 2.40

मास्तर, हात जोडले तुम्हाला. पंधराव्या वर्षीचं आधार... नाही केलेलं. शाळेने चिठ्ठी दिली होती, तेव्हा चवथ होती, राहिलं ते राहिलं.

आणि नाव जुळवणं हा तर आमच्या घरात विनोदच आहे. जन्मदाखल्यावर आडनाव पोर्तुगीज वळणाने, सासऱ्यांच्या कागदावरून उचललेलं. आधारवर इंग्रजीत वेगळं स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यात मधलं नाव गाळलेलं. तीन कागद, तीन मुलगे.

आकडेमोड, 10 सप्टेंबर, दुपारी 3.30

गोव्यातलं कुठलं घर याला अपवाद आहे? माझे काका एका कागदावर Naik चे आणि एका कागदावर Naique चे, दोन्ही जिवंत. (रोमी अक्षरं आली, प्रशासक माफ करोत, त्याशिवाय गंमत कळत नाही.)

प्रशासक, 10 सप्टेंबर, दुपारी 3.34

या धाग्यावर देवनागरीच, कृपया. यावेळी राहू देतो.

पेडण्याची काकी, 10 सप्टेंबर, संध्याकाळी 6.10

नुसता स्पेलिंगचा फरक असेल तर दोन्ही नावं एकाच माणसाची असं प्रतिज्ञापत्र करतात, ते 'वन अँड सेम' म्हणतात ना, त्यावर बऱ्याच ठिकाणी भागतं. पण माझं ऐकशील तर आधार जन्मदाखल्याप्रमाणे करून घे, म्हणजे प्रत्येक टेबलावर ते पान दाखवत बसायला नको. खरोखरच नाव बदलायचं असेल तर त्याला गोव्यात 1990 चा वेगळा कायदा आहे. त्या वाटेला आत्ता जाऊ नको, वेळ खाईल.

आता तपासणीचं सांगते, ते कोणी सांगत नाही.

लेकीला घेऊन गेले तेव्हा मानसतज्ज्ञ मुलगी होती, गोड. लेकीशी थोडं बोलली आणि मग सगळे प्रश्न मला. स्वतःच्या हाताने जेवते का? मी म्हटलं हो, जेवते की. कपडे घालते? हो. बाहेर जाते? हो, दुकानात जाते. बाहेर आलो तेव्हा मला केवढं बरं वाटत होतं! लेकीची परीक्षा झाली आणि ती पास झाली असंच वाटलं.

घरी जेवायला बसलो. बांगड्याची उड्डमेथी केली होती. मी नेहमीसारखा बांगडा फोडला, काटे काढले, भातात कालवलं, ताट तिच्यापुढे सारलं, ती हाताने जेवायला लागली. आणि माझा घास तोंडातच राहिला. स्वतः जेवते म्हणून सांगून आले मी. काटे कोण काढतं? कपडे घालते, बटणं कोण लावतं? दुकानात जाते, शेजारचं दुकान, दुकानदार तिला जन्मापासून ओळखतो, हातात चिठ्ठी मी देते आणि सुटे पैसे तो मोजून तिच्या खिशात घालतो. यातलं एक अक्षर मी बोलले नव्हते.

मी खोटं बोलले नाही गो. वीस वर्षं करून करून ते काम आहे हेच मला दिसेनासं झालं होतं.

मास्तर फोंडेकर, 10 सप्टेंबर, रात्री 8.45

काकींनी नेमकं बोट ठेवलं. या तपासणीत बुद्ध्यांकाबरोबर व्हीएसएमएस नावाची चाचणी असते, व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणी. ती मुलाला पेन्सिल देऊन करायची चाचणी नव्हे. ती बरीचशी आईला किंवा सांभाळणाऱ्याला विचारून भरली जाते: खाणं, कपडे, फिरणं, बोलणं, पैसे. आणि केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे टक्केवारी त्या गुणांवरून ठरते. 70 ते 84 गुण म्हणजे 25 टक्के अक्षमता. 55 ते 69 म्हणजे 50 टक्के. 36 ते 54 म्हणजे 75. त्याखाली 21 ते 35 म्हणजे 90, आणि 20 किंवा त्याहून कमी म्हणजे 100.

मधल्या पायऱ्या नाहीत. 54 गुणांना 75 टक्के आणि 55 ला 50. म्हणजे 'हो, करतो की' एकदा जास्त म्हटलं की दाखल्यावर पंचवीस टक्के इकडचे तिकडे होऊ शकतात.

चाकांवरचा, 10 सप्टेंबर, रात्री 9.30

मी स्वतः दिव्यांग, लहानपणापासून पोलिओ, नोकरी करतो. एक गोष्ट खटकली म्हणून लिहितो. टक्के म्हणजे काय दहावीचा निकाल आहे का, जास्त पडले की पेढे? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे बहुतेक लाभांना 40 टक्क्यांची अट आहे. 50 असो की 75, तो उंबरठा ओलांडलेलाच आहे. मग मुलाच्या देखत 'याला हे येत नाही, ते येत नाही' हा पाढा वाचायची हौस कशाला? माझी आई असा पाढा वाचायची. मी ऐकत होतो. अजून ऐकू येतो.

आकडेमोड, 10 सप्टेंबर, रात्री 10.05

हौस नाही हो, फरक पडतो. आयकरात (1961 च्या कायद्यातलं कलम 80 डीडी) अवलंबून असलेल्या दिव्यांगासाठी 75,000 रुपयांची वजावट, पण 80 टक्के किंवा जास्त असेल तर 1,25,000. (जुन्या करपद्धतीतच. नव्या पद्धतीत गेलात तर विसरा.) यूडीआयडी कार्डाचा रंगसुद्धा टक्क्यांवर आहे: 40 च्या खाली पांढरा, 40 ते 80 पिवळा, पुढे निळा. आणि उद्या कोणती योजना कुठे रेघ मारील ते आज आपल्याला कुठे ठाऊक आहे? कायमचा दाखला चुकीचा निघाला तर दुरुस्तीला पुन्हा तेच दरवाजे.

चाकांवरचा, 10 सप्टेंबर, रात्री 10.20

चुकीचा नसावा हे मान्य. मुलाच्या देखत नसावा एवढंच म्हणतो.

बार्देसहून मेलबर्न, 11 सप्टेंबर, पहाटे 4.50

इथे सकाळ आहे. मूळची मी म्हापशाची, मेलबर्नला दिव्यांगांच्या घरी मदतनीस म्हणून काम करते. इथली पद्धत तुमच्याहून अगदी वेगळी, तरी एक गोष्ट कामी येईल म्हणून लिहिते.

इथे एनडीआयएस म्हणून योजना आहे, 2013 सालच्या कायद्याने आलेली. सगळ्यांना सारखी पेन्शन असा तो प्रकार नाही. माणसागणिक आराखडा बनतो आणि त्यात पैसे ठरतात: रोजच्या मदतीला किती, काही नवीन शिकायला किती, व्हीलचेअरसारख्या वस्तूंना किती. अर्ज करताना वय 65 च्या खाली आणि नागरिक किंवा कायमचा रहिवासी असावं लागतं. तेव्हा कोणी 'मावशीकडे जाऊन राहतो' म्हणेल तर तसं होत नाही, मला दर चवथीला हे सांगावं लागतं.

आराखड्याच्या बैठकीआधी आम्ही घरच्यांना एकच काम देतो. वही घ्या आणि आठवडाभर रोजचा दिवस लिहा, उठल्यापासून झोपेपर्यंत. काय तो स्वतः करतो, कुठे आठवण करून द्यावी लागते, कुठे हात लावावा लागतो, कुठे सगळं तुम्हीच करता. रात्री किती वेळा उठता तेही. त्यात एक बरा दिवस असतो, एक वाईट असतो, दोन्ही लिहा. कारण इथेही तेच होतं, साहेबांसमोर मुलं शहाण्यासारखी बसतात आणि आया अभिमानाने हो हो म्हणतात. वही असली की बोलावं कमी लागतं. ती पुढे ठेवायची. मुलाच्या देखत पाढा वाचायचा प्रश्नही बराचसा सुटतो.

पैसे मिळाल्यावरची तयारी वेगळी. इथे स्वतः पैसे सांभाळायचे ठरवले तर पाच वर्षं पावत्या जपाव्या लागतात. शिवाय घरभाडं आणि रोजचं वाणसामान त्यातून करता येत नाही, आणि लोक नेमके तिथेच फसतात.

म्हादईकाठ, 11 सप्टेंबर, सकाळी 9.10

वही. आज घेते. बाजारात जायचंच आहे.

मास्तर फोंडेकर, 11 सप्टेंबर, सकाळी 9.40

मेलबर्नच्या ताईंचा सल्ला सोन्यासारखा. एक पुरवणी: शाळेकडूनही लेखी अहवाल घ्या. शाळेत मूल जे करतं ते घरी करत नाही आणि उलटही. दोन कागद वेगळं बोलले तर घाबरू नका, तपासणाऱ्याला तेच हवं असतं.

पावत्यांवरून आठवलं. समितीने पालक नेमलं की काम संपलं असं नाही. सहा महिन्यांच्या आत मुलाच्या मालमत्तेची यादी द्यायची असते, आणि नंतर दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत जमाखर्च. मालमत्ता म्हणजे काय, तर बहुतेकांच्या बाबतीत एक पासबुक. तरी एक जाड वही आजपासूनच करा: पैसे कधी आले, कशाला गेले. थेरपीच्या रिक्षाचे 150 रुपयेसुद्धा.

चाकांवरचा, 11 सप्टेंबर, दुपारी 1.15

पालकत्वावर माझे दोन पैसे. अर्ज करायच्या आधी विचार करा की पूर्ण पालकत्व हवंच आहे का, आणि कशासाठी हवंय. 2016 च्या कायद्याच्या कलम 14 मध्ये मर्यादित पालकत्व आहे. म्हणजे ठरावीक कामापुरतं, आणि निर्णय दोघांनी मिळून, त्याची इच्छा विचारून. योगायोग असा की राष्ट्रीय न्यास कायद्यातलं पालकत्वाचं कलमही 14 च. त्यामुळे कचेरीत 'कलम 14' एवढंच म्हणालात तर समोरचा भलतंच पान उघडतो.

बाबलोला काय आवडतं, कोणाबरोबर राहायचं, पैशातून काय घ्यायचं, हे त्याला कधी विचारलंय का? रागावू नका. अठराचा होतोय, आणि या एवढ्या धाग्यात त्याचा स्वतःचा एक शब्द नाही. आणि हो, मतदार यादीत नाव घालायला विसरू नका. त्यालाही अठराच लागतात.

पेडण्याची काकी, 11 सप्टेंबर, दुपारी 1.50

खरं बोललास रे पुता.

तेरेखोलचा वारा, 12 सप्टेंबर, सकाळी 11.30

धागा जरा बाजूला नेतो. वडिलांना पक्षाघात झाला, चालता येत नाही. शिबिरात व्हीलचेअर मिळते म्हणतात. तयारी काय करावी?

चाकांवरचा, 12 सप्टेंबर, दुपारी 12.10

हा माझा विषय! केंद्राची एडिप योजना. यूडीआयडी आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. महिन्याचं उत्पन्न 22,500 पर्यंत असेल तर वस्तू पूर्ण मोफत, 30,000 पर्यंत अर्ध्या किमतीत. एकदा घेतली की मोठ्या माणसाला तीन वर्षं त्या योजनेतून पुन्हा मागता येत नाही. म्हणजे चुकीची उचललीत तर तीन वर्षं तिच्यावरच कपडे वाळत घालायचे.

तर जायच्या आधी मोजपट्टी घ्या. वडिलांना लाकडी खुर्चीवर बसवून कमरेची रुंदी मोजा, गुडघ्यामागून पाठीपर्यंतची लांबी मोजा. मग घरातलं प्रत्येक दार मोजा. 18 इंची बैठकीची साधी घडीची खुर्ची चाकांसकट 25-26 इंच भरते. आपल्या जुन्या घरांत पुढचं दार हत्ती जाईल एवढं आणि न्हाणीचं 24 इंच. माझ्या मामाकडे हेच झालं. खुर्ची बाल्कांवात, म्हणजे पुढच्या पडवीत, थाटात उभी, आणि मामाला न्हाणीपर्यंत दोघांनी उचलून न्यायचं. शिवाय चिऱ्याच्या पायऱ्या आणि उंबरठे. उंबरठ्यावर लाकडी उतार सुताराकडून आधी करून घ्या, तो योजनेत येत नाही.

आणि तिथे गर्दीत कोणी घाई केली तरी वडिलांना खुर्चीत बसवून, पाय फळीवर टेकतात का बघून मगच सही करा.

तेरेखोलचा वारा, 12 सप्टेंबर, दुपारी 12.25

न्हाणीचं दार 23 इंच. आत्ताच मोजलं. बरं झालं विचारलं.

आकडेमोड, 12 सप्टेंबर, रात्री 9.00

म्हादईकाठ ताई, दोन गोष्टी राहिल्या. निरामय म्हणून आरोग्यविमा आहे, त्याच राष्ट्रीय न्यासाचा, वर्षाला एक लाखापर्यंत. आधीपासूनचा आजार आहे म्हणून नाकारत नाहीत, त्याच्या चाचण्याही मागत नाहीत. दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, लोक तेच विसरतात. दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचं कार्ड आहे म्हणून हे सोडू नका. ते इस्पितळात भरती झाल्यावरचं. निरामयमध्ये थेरपीचा खर्चही मागता येतो, फक्त बिलं मूळ हवीत आणि डॉक्टरची चिठ्ठी जोडलेली.

दुसरी गोष्ट, कुणाच्या घरी सरकारी पेन्शनर असेल तर अवलंबून असलेल्या दिव्यांग मुलाचं नाव पेन्शनच्या कागदात हयातीतच घालून घ्या. नंतर सिद्ध करत बसणं फार कठीण.

पेडण्याची काकी, 12 सप्टेंबर, रात्री 9.20

आणि दयानंद योजनेचा हयातीचा दाखला! वर्षाला एकदा. आमच्या वाड्यावरच्या एका म्हाताऱ्याचे पैसे थांबले, तो म्हणे मी तर जिवंत आहे, मग दाखला कशाला?

म्हादईकाठ, 3 ऑक्टोबर, रात्री 11.10

सगळ्यांना सांगायला आले. आधार झालं, तिसऱ्या खेपेला. ठसे उमटले, पण डोळ्यांच्या यंत्रासमोर बाबलो डोळे मिटून घ्यायचा. उजेड नको म्हणून. पहिल्या दोन खेपांना माघारी आलो. मग घरी रोज संध्याकाळी मोबाइलची बॅटरी घेऊन 'डोळे मोठ्ठे' असा खेळ केला, आठ दिवस. तिसऱ्या वेळी त्या यंत्रासमोर तो स्वतःच ओरडला, 'डोळे मोठ्ठे!' रांगेतले सगळे हसले. नाव जन्मदाखल्याप्रमाणे करायला दिलंय.

वही लिहिली. सांगू नये, पण तिसऱ्या दिवशी रडले. एक पान उतरवते:

'6.10 उठला. गादी ओली नाही. ब्रश हातात दिला, पेस्ट मी लावली, दोनदा आठवण केली. आंघोळ: पाणी मी काढलं, साबण त्याने लावला, पाठ आणि केस मी. शर्ट स्वतः, उलटा. बटणं मी. नाश्ता स्वतः. 8.00 बस. बसपर्यंत मी हात धरून, रस्ता बघत नाही. 4.30 घरी. दप्तर जागेवर ठेवलं, न सांगता. संध्याकाळी कुत्र्याला भाकरी घातली, न सांगता. जेवण: मासे मी सोलून दिले. 9.30 झोपला. 1.40 उठून माझ्या खोलीत आला, पाऊस मोठा होता.'

लिहिताना कळलं की 'न सांगता' हेही दोनदा आलंय. ते मला आधी ठाऊकच नव्हतं.

मास्तर फोंडेकर, 4 ऑक्टोबर, सकाळी 6.50

'न सांगता' खाली रेघ ओढा. तेही दाखवायचं.

चाकांवरचा, 4 ऑक्टोबर, सकाळी 8.30

ताई, वहीची ही पद्धत मला पटली. माझा आक्षेप मागे.

म्हादईकाठ, 11 मार्च, रात्री 10.30

मध्ये बरेच महिने गेले. यूडीआयडीच्या संकेतस्थळावर अर्ज भरला, वाढदिवसानंतरची तारीख मिळाली, परवा तपासणी झाली. पालकत्वाचा अर्जही समितीकडे गेलाय. जाण्याआधी चाकांवरचा भाऊंच्या सांगण्याप्रमाणे बाबलोला विचारलं, तुझे पैसे कोणी सांभाळायचे? म्हणाला, आई. आणि दादाने नको. दादा जरा वरमला.

तपासणीला वही, शाळेचा अहवाल आणि जुना दाखला नेला. तपासणाऱ्या बाईंनी वही पंधरा मिनिटं शांतपणे वाचली. मग खात्री करायला एकेक विचारत गेल्या. जेवणाचं आलं तेव्हा काकी, मला तुमची आठवण झाली. मी म्हटलं, स्वतःच्या हाताने जेवतो, पण बांगड्याचे काटे मी काढते.

बाबलो इतका वेळ खिडकीबाहेर बघत होता. तो वळला आणि बाईंना म्हणाला, 'वेर्ल्यो हांवूच खातां.' म्हणजे वेर्ल्या, ती बारीक मासळी, मी स्वतःच खातो.

त्यांनी तेही लिहून घेतलं. टक्के अजून कळले नाहीत, कार्ड आलं की सांगते.

पेडण्याची काकी, 11 मार्च, रात्री 10.41

वेर्ल्यांना काटे काढायचेच कुठे असतात! हुशार आहे तुझा बाबलो.